उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयात पोरं जमवायची तर

पहिल्या वर्षी गावच्या वाचनालयात पोरांचं वाचनाचं शिबिर घेतलं, तेव्हा मी वेळ ठेवली होती दुपारी ४ ते ६. कारण सोपं होतं, वाचनालय चारलाच उघडायचं. बालविभाग वरच्या मजल्यावर आणि डोक्यावर पत्रा. जळगाव-भुसावळकडचा मे ज्यांनी काढलाय, जिथे पारा ४४-४५ ला टेकतो, त्यांना पुढचं सांगायला नको. पहिल्या दिवशी ३८ पोरं, चौथ्या दिवशी सात, आणि त्यातली तीन ग्रंथपालांच्या घरची. पाचव्या दिवशी फेविकॉलची मोठी बाटली मासिकांच्या बांधीव अंकांवर आडवी झाली. पुढच्या बैठकीत कार्यकारी मंडळासमोर माझ्या नावाचा विषय होता.

त्यानंतर सहा उन्हाळे झाले. दर वर्षी मार्च संपत आला की कुठून तरी फोन येतो, ‘ताई, आमच्या गावच्या वाचनालयात असं काही करायचंय, कसं करू?’ त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून ठेवते.

आधी एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शिबिर म्हटलं की सगळं हस्तकलेकडे घसरतं. पालकांना घरी न्यायला वस्तू लागते, आपल्याला फोटो लागतो, आणि पुस्तकं कपाटातच राहतात. मग तो वर्ग शाळेत घेतला काय आणि मंगल कार्यालयात घेतला काय, सारखंच. मी दोनच गोष्टी धरून चालते. जी वस्तू करायची ती वाचलेल्या गोष्टीतून निघालेली हवी, आणि दर दिवशी प्रत्येक पोराच्या हातात एक पुस्तक घरी गेलं पाहिजे.

१. मार्चमध्येच ग्रंथपालांना भेटा

आपल्याकडची बहुतेक गावोगावची वाचनालयं संस्थांनी चालवलेली, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान मिळणारी. त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. लहान गावात बहुधा ड वर्ग, म्हणजे सगळा कारभार एकाच माणसावर. तोच दार उघडतो, झाडतो, देवघेव करतो, आणि तपासणीला साहेब आले की दप्तर काढून दाखवतो. पगाराचा विषय तुम्ही काढू नका. तुम्ही ‘मुलांसाठी काही करू का’ म्हणता तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पोरं उभी राहत नाहीत, दाखल नोंदवही उभी राहते, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ठेवलेली नोंद. हरवलेल्या प्रत्येक पुस्तकाचा जाब त्यांना द्यायचा असतो. बालविभागाच्या काचेच्या कपाटाला कुलूप का असतं, याचं अर्धं उत्तर यात आहे.

म्हणून ‘बालविभाग उघडून द्या’ असं म्हणायचं नाही. ‘५० पुस्तकं द्या’ असं म्हणायचं. एक लांब वही घ्या. त्यात पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक आणि आजची अवस्था लिहा (पाठपान सैल, पान १२ फाटलेलं, असं स्पष्ट), खाली दोघांच्या सह्या. सोबत अध्यक्षांच्या नावे एक पानाचा अर्ज: किती दिवस, किती वाजता, किल्ली कोणाकडे, झाडणार कोण, पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार. शेवटच्या प्रश्नापुढे आपलं नाव लिहायची तयारी ठेवा. माझ्या अनुभवात कपाटाचं कुलूप या एका ओळीवर निघतं.

२. वेळ आणि दिवस

सकाळी साडेसात ते साडेनऊ. दहानंतर लहान पोर उन्हातून चालत घरी जाणार, हा हिशेब आधी करायचा. वाचनालयाची वेळ संध्याकाळची असेल तर किल्ली मागून घ्यावी लागते, अर्जात ती ओळ त्यासाठीच.

सकाळची एक अडचण सांगून ठेवते. जिथे वाचनालय सकाळी उघडं असतं, तिथे वर्तमानपत्रं वाचणारे आजोबा आधीच बसलेले असतात. आमच्याकडे एक निवृत्त आबा होते. पोरांचा आवाज चढला की पेपर खाली करून चष्म्यावरून बघायचे, बोलायचे काही नाहीत. तिसऱ्या दिवशी मी दोन पोरं त्यांच्याजवळ नेऊन बसवली आणि म्हटलं, ‘आबा, यांचं वाचन ऐका हो जरा, मला तिकडे खळ शिजवायचीय.’ पुढे रोज सव्वासातला ते दारात. अशी माणसं प्रत्येक वाचनालयात असतात, त्यांना कामाला लावा.

१ मेला निकाल लागतो, त्याच्या एक-दोन दिवसांनी सुरू करा. १० ते १२ दिवस पुरे. महिनाभर ताणलं की तुम्हीच आधी थकता. पंचांग समोर ठेवून मोठ्या लग्नतिथी टाळा, त्या दिवशी अख्खी गल्ली वऱ्हाडात असते. आखाजी (अक्षय्य तृतीया) मध्ये येत असेल तर दोन दिवस बंद ठेवा, माहेरी आलेल्या बहिणी, झोके आणि सांजोऱ्या सोडून कोणी वाचायला येणार नाही, आणि येऊही नये.

आज आलेलं पोर उद्या मामाच्या गावाला जातं आणि त्याच्या जागी कोणाचा तरी पुण्या-सुरतेचा भाचा येऊन बसतो. त्यामुळे ‘काल राहिलेलं आज पूर्ण करू’ असला कार्यक्रम आखू नका. त्या दिवशीची गोष्ट त्या दिवशी संपली पाहिजे, वस्तूही.

३. पुस्तकं निवडताना

५० पुस्तकांत ३० तरी अशी हवीत जी दहा मिनिटांत मोठ्याने वाचून होतात. कपाटात थोरांची चरित्रं आणि संस्कारकथाच जास्त सापडतील, त्यातल्या थोड्या घ्या. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पातळ पुस्तकं बहुतेक ठिकाणी असतात, कोणी हात न लावल्यामुळे कोरी. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक मिळाले तर सोनं. कमी पडलं तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी गोष्टी फुकट उतरवून घेता येतात. दहा-बारा छापून घ्या आणि मध्ये दोन टाके मारा.

मांडणीवर मात्र वेळ घालवा. पुस्तकं कण्याकडून दिसली तर लहान पोरांना ती दिसतच नाहीत. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोन दोऱ्या बांधा, पोरांच्या छातीच्या उंचीला, आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवा, मुखपृष्ठ समोर. जाड पुस्तकाचा कणा ताणतो, ती टेबलावर उभी करा.

४. मोठ्याने वाचणे

हा सगळ्या कार्यक्रमाचा गाभा आहे, आणि नवे लोक नेमका हाच भाग तयारी न करता उरकतात. आदल्या रात्री गोष्ट घरी दोनदा मोठ्याने वाचा. पुस्तक तोंडासमोर धरू नका, खांद्याच्या बाजूला धरा, म्हणजे चित्र पोरांकडे आणि तुमची नजरही पोरांकडे. पान उलटण्याआधी क्षणभर थांबा. आणि शेवटी ‘यातून काय बोध घेतला’ हे विचारू नका. ते शाळा विचारतेच.

भाषेचं मला दुसऱ्या वर्षी कळलं. लांडग्याची एक गोष्ट वाचत होते, अगदी प्रमाण, पुस्तकात होती तशी. पोरं गप्प. मला वाटलं, रंगली. मधेच कोणीतरी हाक मारली म्हणून मी थांबले, तर मागच्या रांगेतला एक बारका पोरगा शेजारणीला विचारत होता, ‘मंग काय व्हयनं?’ आणि ती त्याला अहिराणीत सांगत होती, ‘लांडगा उना!’ (आला). आतापर्यंतची सगळी गोष्ट ती त्याला हळूच तिच्या बोलीत सांगत होती, आणि माझ्यापेक्षा चांगली. तेव्हापासून मी तिला पुढे घेतलं. मी एक पान मराठीत वाचायचं, तिने ते अहिराणीत सांगायचं. पोरं तिच्याच पानाला हसायची.

म्हणून पहिल्या दिवशी बघा, घरात कोण काय बोलतं. धुळे-अमळनेरकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, वर सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याला पावरी आणि भिली. तिकडची बरीच कुटुंबं ऊसतोडीला बाहेर जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्या पोरांची शाळा मध्येच तुटलेली असते, वाचता येत नाही म्हणून ती दारातच उभी राहतात. त्यांना आत घ्यायचा रस्ता म्हणजे त्यांच्या बोलीतली गोष्ट. आपल्याला बोली येत नसेल तर एखाद्या आजीला बोलवा. माइक देऊ नका, आजी माइक बघून भाषण करायला लागते.

५ मे हा दिवस वर्गात येत असेल तर बालकवींची आठवण काढा. त्र्यंबक बापूजी ठोमरे आपले धरणगावचे, जन्म १८९० चा, आणि ५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. भादलीवरून रोज जाणारी पोरं हे ऐकून एकदम सरळ बसतात. त्यांची एखादी कविता वाचा आणि थांबा, अर्थ फोडत बसू नका.

५. हातांनी करायच्या गोष्टी

बाजारातून किट आणू नका. मे महिन्यात गावात तीन गोष्टी फुकट आणि ढीगभर असतात: लग्नपत्रिका, आंब्याच्या कोयी आणि कडबा.

लग्नपत्रिकेचा कागद वाचनखुणांना, मुखपृष्ठांना उत्तम. फक्त आधी गणपतीचं किंवा कुलदैवताचं चित्र अख्खं कापून बाजूच्या पाकिटात ठेवा. मी एकदा तसंच देऊन टाकलं आणि एका पोराने बाप्पाच्या सोंडेतून कात्री नेली. संध्याकाळी त्याची आई आली होती. तिचं बरोबर होतं.

चिकटवायला खळ करा. दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात आधी गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर सतत ढवळा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी दिसायला लागली की उतरवा. पुस्तकबांधणीवाले तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. आपण घालायचा नाही, तो विषारी आहे आणि लहान पोरं बोटं चाटतात. आपल्या उन्हात खळ संध्याकाळपर्यंत आंबते, रोज ताजी करा आणि वाटीवाटीने द्या. पहिल्या परिच्छेदातल्या बाटलीनंतर मी मोठं भांडं टेबलावर ठेवत नाही.

कोयीचे आजोबा हा आमच्याकडचा सर्वांत आवडता प्रकार. गावरान, धाग्याचा आंबा हवा, कलमीच्या कोयीला दाढी येत नाही. रस काढून झाला की कोय नारळाच्या काथ्याने घासून धुवायची आणि गच्चीवर तीन दिवस कडक वाळवायची, नाहीतर मुंग्या येतात. वाळली की जुन्या कंगव्याने धागे विंचरायचे. पांढरी दाढी फुलते. डोळ्यांना सरकी, पण जिनिंगची किंवा घरच्या कापसातली. बियाण्याच्या पाकिटातली मुळीच नको, तिला औषध लावलेलं असतं. मागे तुरीची काडी सुतळीने बांधली की बाहुली तयार. मग गोष्टीतला म्हातारा, सावकार, गोसावी, जो असेल तो हा कोयीचा आजोबा बोलतो. वाचायला लाजणारं पोर बाहुलीच्या आडून घडाघडा वाचतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्याच दिवशी सगळ्यांना घरून कोयी वाळवायला सांगते.

ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी आणि चष्मा करता येतो. साल सोलून आतल्या मऊ गाभ्याची चाकं, आणि सालीच्या काड्या जोडायला. हे आबा-नानांना येतं, त्यांनाच शिकवू द्या. सोललेली साल मात्र ब्लेडसारखी कापते, सोलायचं काम मोठ्यांनी करायचं. रावेरकडे केळीच्या वाळलेल्या सोपटाच्या (खोडावरच्या सालीच्या) पट्ट्या विणूनही वाचनखूण होते. ओलं सोपट घेऊ नका, चिकाचा डाग कपड्यावरून जन्मात निघत नाही.

आणि आठ पानांचं पुस्तक. हे शिकलंच पाहिजे, कारण यात एक कागद, एक कात्रीची रेघ आणि शून्य खळ लागते. साधा टंकलेखनाचा कागद घ्या. लांबीत अर्धा दुमडा, मग रुंदीत दोनदा दुमडा, उघडला की आठ चौकटी दिसतात. आता कागद रुंदीत एकदाच अर्धा दुमडा आणि दुमडलेल्या बाजूने मधल्या आडव्या घडीवर कात्री चालवा, पुढची उभी घडी लागली की थांबा. पूर्ण उघडा: मध्ये एक फट आहे आणि दोन्ही टोकं जोडलेली आहेत. कागद परत लांबीत दुमडून दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. फट फुगते, चार पाकळ्या होतात, त्या एका बाजूला वळवल्या की पुस्तक. पहिल्यांदा तुमचंच चुकेल. जिथे थांबायचं तिथे पोरं थांबत नाहीत आणि कागदाचे दोन तुकडे होतात, म्हणून त्या घडीवर आधी पेन्सिलीने ठिपका द्या.

आत काय लिहायचं? ‘माझी सुट्टी’ सांगितलंत तर सगळ्यांची सारखी येईल. घरातल्या वस्तूंचे बोलीतले शब्द, आजोबांच्या बैलांची नावं, आईची भाकरी थापण्याची रीत, असं काही द्या. गेल्या वर्षी सुट्टीला आलेल्या रावेरकडच्या एका चौथीतल्या पोराने ‘पिलबाग’ नावाचं पुस्तक केलं. पिलबाग म्हणजे केळीच्या पिल्लांवर धरलेली पुढची बाग, आणि कमळ म्हणजे केळफूल. पानावर एक वाक्य आणि एक चित्र. खोड. कमळ आलं. घड आला. घड कापला. ट्रक आला. खोड पाडलं. शेवटच्या पानावर नुसतं: ‘बाजूला पिल्लू होतं.’ मी त्याला एक काना दुरुस्त करायला सांगणार होते, सांगितलं नाही.

मोठी पोरं असतील तर त्यांच्याकडून रोजचं हस्तलिखित पत्र काढून घ्या. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी असं हाताने लिहिलेलं दैनिक काढत. आमचं एका कार्डशीटवर मावतं आणि पाण्याच्या माठामागच्या भिंतीवर चिकटतं, कारण तिथे सगळे थांबतात.

६. पुस्तक घरी जाऊ द्या

रोज साडेनऊला प्रत्येकाने दोरीवरचं एक पुस्तक काढायचं, लांब वहीत क्रमांकापुढे नाव सांगायचं आणि न्यायचं. अनामत नाही, आधार कार्ड नाही. दुसऱ्या दिवशी परत. ‘सारांश लिहून आण’ म्हणू नका, आवडलेलं पान उघडून दाखवलं की झालं.

हरवतात का? हरवतात. गेल्या वर्षी ५० मधली तीन आली नाहीत, त्यातलं एक दिवाळीत मामासोबत आलं. दोन मी भरून दिली. एका पुस्तकावर आमरसाचा अख्खा पंजा उमटून आला होता. आणणारी मुलगी रडवेली झालेली. ओल्या फडक्याने जेवढं निघालं तेवढं काढलं, वहीत ‘पान ७, रस’ लिहिलं.

७. पाणी, कात्र्या आणि बाकीचं

दोन माठ, ओगराळं साखळीने बांधलेलं. बोथट टोकाच्या कात्र्या मोजून द्या आणि मोजून घ्या. पोर गळून गेल्यासारखं दिसलं तर सावलीत बसवा आणि लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजा. अंग तापलं असेल किंवा उलटी होत असेल तर वाट न बघता दवाखान्यात न्या. पालकांचे नंबर वहीच्या मागच्या पानावर. वीज जाणारच, म्हणून पंख्यावर नाही, खिडक्यांवर भिस्त ठेवा.

८. शेवटचा दिवस

प्रमुख पाहुणे नकोत. ते उशिरा येतात आणि पोरं उन्हात बसतात. कैरीचं पन्हं करा, पोरांची छोटी पुस्तकं दोरीवर लावा, पालकांना फिरून वाचू द्या. मग ५० पुस्तकं वहीशी ताडून, फाटलेली चिकटवून कपाटात लावा, कपाटाची किल्ली ग्रंथपालांच्या हातात द्या आणि सही घ्या. सभासद व्हायचे अर्ज त्याच टेबलावर ठेवा, जूनमध्ये शोधत बसू नका.

पोरांची काही पुस्तकं मागे राहतात. आमची चपलांच्या एका खोक्यात, देवघेवीच्या टेबलावर होती. जूनमध्ये ते पेपरवाले आबा ‘पिलबाग’ घेऊन ग्रंथपालांसमोर उभे राहिले, म्हणाले, घरी न्यायचंय, नातवाला वाचून दाखवतो. ग्रंथपालांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, दाखल क्रमांक कुठेच नाही. मग त्यांनी माझी लांब वही मागवली आणि ५० च्या खाली ५१ लिहिलं.